दोन बोटं कमी पडणारी दोरी

मराठीत ‘ऐकणं’ या एकाच क्रियापदाला दोन कामं आहेत. आवाज कानावर पडणं म्हणजे ऐकणं आणि सांगितलं तसं वागणं म्हणजेही ऐकणंच. ‘आमचा मुलगा अजिबात ऐकत नाही’ असं सांगणाऱ्या बाईला कुणी कानाच्या डॉक्टरकडे पाठवत नाही. पण तीच बाई जेव्हा म्हणते, ‘घरात माझं कुणी ऐकत नाही’, तेव्हा तिला नक्की काय म्हणायचंय? तिच्या शब्दाला मान नाही हे, की तिचा आवाज कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही हे? पहिल्या वाक्यावर उपाय सुचवणारी पुस्तकं, कार्यशाळा आणि व्हिडिओ आता ढिगाने मिळतात. दुसऱ्या वाक्याकडे त्या मानाने कमी लोक वळतात. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं मला वाटत आलंय, आणि तो नुसता मानसशास्त्राचा नाही, न्याय-अन्यायाचाही आहे.

मी पुण्याच्या एका उपनगरात अशा मुलांच्या आयांचे गट घेते. आठ शनिवार, दुपारी तीन ते पाच. मुलं साधारण पाच ते बारा वर्षांची. कुणी शाळेतून पाठवलेलं असतं, कुणी बालरोगतज्ज्ञांनी, कुणी शेजारणीचं ऐकून आलेलं असतं. मुलाला वळण कसं लावायचं हे विचारायला त्या येतात आणि पहिले चार शनिवार मी त्यांच्याशी त्यांच्या स्वतःच्या रागाबद्दल बोलते. हे ऐकून काही जणी पहिल्याच दिवशी नाराज होतात. ‘मॅडम, प्रॉब्लेम त्याचा आहे, माझा नाही.’ त्यांचं म्हणणं मला दर वेळी थोडं पटतं. हा लेख त्या थोड्या पटण्याबद्दल आहे.

आधी या मुलांबद्दल. त्यातल्या काहींच्या फाइलवर ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ असं लिहिलेलं असतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ही नोंद १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या नावात ‘डिफायंट’ नव्हतं. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत आठ लक्षणं तीन गटांत मांडलेली आहेत: सतत चिडलेलं असणं, वाद घालणं आणि मुद्दाम न ऐकणं, आणि डूख धरणं. त्यातली किमान चार, किमान सहा महिने दिसायला हवीत, आणि तीही भावंडांखेरीज निदान एका माणसाबरोबर. प्रत्येक हट्टी मूल यात बसत नाही, बहुतेक बसत नाहीत. पण व्याख्येतली ती शेवटची अट मला महत्त्वाची वाटते. ताप एकट्याला येतो. अवज्ञा एकट्याने करता येत नाही, तिला समोर कुणीतरी लागतं. आपल्याकडे हे कुणीतरी बहुतेक वेळा आई असते. बाबांचं ऐकतो, सरांचं ऐकतो, आजोबांसमोर तर मांजर होतो, आणि मला मात्र जुमानत नाही, हे मी जवळजवळ प्रत्येक गटात ऐकलंय. दिवसातले बहुतेक नकार ज्या माणसाला द्यावे लागतात, त्याच्याच वाट्याला बहुतेक अवज्ञा येते हा साधा हिशोब आहे. दात घास, मोबाइल ठेव, डबा संपव, अभ्यासाला बस, झोप. ही वाक्यं घरात कोण म्हणतं ते मोजून बघावं.

आता कौशल्यांबद्दल. ती खरी आहेत, उपयोगी आहेत आणि मी ती विश्वासाने शिकवते, म्हणून आधी त्यांची बाजू नीट मांडते.

जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ऑरेगनमध्ये अशा मुलांच्या घरी जाऊन, तिथे घडणारं क्षणाक्षणाने टिपून ठेवायची पद्धत वापरली. १९८२च्या त्याच्या पुस्तकात या घरांमधला एक सापळा वर्णन केलाय. आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. आई म्हणते, मोबाइल ठेव. मुलगा ऐकलं न ऐकलं करतो. ती पुन्हा म्हणते, आवाज चढतो. तो किंचाळतो. ती थकते, ‘कर काय करायचं ते’ म्हणून स्वयंपाकघरात जाते. किंचाळणं थांबलं म्हणून तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि किंचाळल्यावर मोबाइल राहतो हे त्याला कळतं. दुसऱ्या दिवशी ती सुरुवातीपासूनच ओरडते, एक धपाटा घालते, तो गप्प होतो. ओरडल्याशिवाय हा ऐकत नाही हे आता ती शिकली. दोघं एकमेकांना रोज शिकवणी देतात आणि दोघांचाही अभ्यास चोख होतो. यात कुणी वाईट नाही. त्रास थांबवण्याची घाई मात्र दोघांनाही आहे. या साखळीची एक कडी कुणीतरी सोडायला हवी. सात वर्षांच्या मुलाला आधी ते जमणार नाही, म्हणून आईला शिकवायचं.

काय शिकवायचं? स्टॅनफर्डच्या जेम्स ग्रॉस यांनी १९९८मध्ये मांडलेली चौकट मी फळ्यावर काढते. भावना एकदम येऊन आदळत नाही, तिच्या वाटेवर पाच ठिकाणं असतात आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी करता येतं. पहिलं, प्रसंगच निवडणं: भुकेल्या मुलाला घेऊन संध्याकाळी किराणा आणायला जायचं नाही. दुसरं, प्रसंग बदलणं: गणवेश, दप्तर, बूट रात्रीच दाराशी ठेवायचे, म्हणजे सकाळची व्हॅन आणि भांडण एकाच मिनिटाला येत नाहीत. तिसरं, लक्ष हलवणं: त्याच्या तोंडाकडे न बघता आपल्या पायाखालच्या फरशीकडे बघायचं. चौथं, अर्थ बदलणं: ‘हा मला छळतोय’ याऐवजी ‘याला हे अजून जमत नाहीये’. पाचवं, आलेला राग बाहेर पडताना आवरणं: श्वास, खाली आणलेला आवाज, पाठीमागे बांधलेले हात, ग्लासभर पाणी.

ग्रॉस यांच्या प्रयोगांतून दिसलेली एक गोष्ट मी दर वेळी सांगते. जितक्या आधीच्या ठिकाणी हस्तक्षेप करावा तितका तो स्वस्त पडतो. शेवटच्या ठिकाणी नुसतं दाबून धरलं तर चेहऱ्यावर भावना दिसत नाही, पण आतली अप्रिय भावना कमी होत नाही आणि शरीरावरचा ताण तर वाढतो.

इथपर्यंत सगळ्या जणी वहीत लिहून घेतात. पुढच्या शनिवारी मी विचारते, काय जमलं? एकीचं उत्तर मी विसरले नाही. ती सासू-सासरे, दीर-जाऊ अशा घरात राहणारी. ती म्हणाली, ‘ताई, पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात नाहीत. जेवण किती वाजता हे सासूबाई ठरवतात. टीव्ही सासरे बघतात, तो बंद करा म्हणता येत नाही. मोबाइल मी काढून घेतला की दीर आपला देतात. मला फक्त पाचवं उरतं.’

तिने काय सांगितलं ते पाहा. शास्त्राने स्वस्त म्हटलेल्या सगळ्या वाटांना घरावर, वेळापत्रकावर, निर्णयांवर थोडी सत्ता लागते. ती ज्यांच्याकडे नाही त्यांच्या वाट्याला सर्वांत महाग वाट येते: दाबून धरणं. म्हणजे भावनेचं नियमन हे कौशल्य आहे हे खरं, पण ते पोहण्यासारखं आहे, त्याला पाणी लागतं. ‘शांत राहायला शिका’ हा एकच सल्ला दोघींना दिला तर एकीला तो सोयीचा पडतो आणि दुसरीला तिच्या आजीने दिलेल्या ‘बाईच्या जातीने सोसावं’ या सल्ल्यासारखाच ऐकू येतो, फक्त आता त्याला फळा आणि आकृती आहे. त्याच गटात नंतर कुणीतरी विचारलं, ‘हे तुम्ही शिकवता ते मला बरं वाटावं म्हणून, की घरात आवाज होऊ नये म्हणून?’ माझ्यापुढचा नैतिक प्रश्न हाच आहे.

तत्त्वज्ञांनी रागावर पुष्कळ लिहिलंय. रोमन विचारवंत सेनेका याने रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला, आपला भाऊ नोवाटस याला उद्देशून. आज आम्ही शिकवतो त्यातलं बरंच त्यात आहे: उशीर करा, आरशात आपला चेहरा बघा, रात्री झोपताना दिवसाचा हिशोब घ्या. त्यात प्लेटोची एक गोष्ट येते. प्लेटो एका गुलामावर संतापला, मारायला हात उगारला, आणि आपण रागावलोय हे लक्षात येताच हात तसाच हवेत धरून उभा राहिला. कुणीतरी विचारलं, काय करतोयस? तो म्हणाला, एका रागावलेल्या माणसाला शिक्षा करतोय. लगेच पुढे तिचाच दुसरा पाठ येतो. त्यात प्लेटो आपल्या भाच्याला सांगतो, मी रागात आहे, तेव्हा या गुलामाला तू चाबकाने मार.

गोष्ट सुंदर आहे, आणि तिच्यात गुलामाला मार बसतोच. मारणाऱ्याचा आत्मा स्वच्छ राहिला म्हणजे सेनेकाचं काम झालं. मार का बसावा, मुळात एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा का असावा, हा प्रश्न गोष्टीत येत नाही. रागाविरुद्धचा हा सगळा उपदेश मालकांना केलेला आहे, आणि मालकांना तो करायलाच हवा, कारण त्यांच्या रागाने माणसं मरतात.

ॲरिस्टॉटलची भूमिका वेगळी आहे. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य रीतीने, योग्य वेळी आणि योग्य तितकाच वेळ रागावणं हे त्याला गुणाचं लक्षण वाटतं. जिथे राग यायला हवा तिथे ज्याला तो येत नाही, अपमान मुकाट्याने गिळतो, तो माणूस त्याच्या मते गुलामी वृत्तीचा. हा उपदेश स्वतंत्र नागरिकाला आहे.

आई या दोघांपैकी कुठे बसते? माझ्या मते अडचण इथेच आहे. मुलाच्या बाजूने पाहिलं तर ती मालक आहे. तिची उंची, तिचा हात, तिचा आवाज, दार बाहेरून लावून घेण्याची तिची ताकद मुलाकडे नाही. तिच्याशिवाय त्याला जायला जागा नाही. तिला सेनेकाच लागू पडतो. घराच्या बाजूने पाहिलं तर तिच्यापैकी अनेकींची जागा ज्यांनी गिळायचं असतं त्यांच्यात आहे. तिथे तिला ॲरिस्टॉटल लागू पडतो. आणि या दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल, संध्याकाळी साडेसातच्या एकाच मिनिटाला खऱ्या असतात. वरून आलेला राग तिच्याजवळ साठतो आणि तो जाऊ शकेल अशी एकच दिशा मोकळी असते, खालची.

मराठीत यासाठी ‘त्रागा’ असा नेमका शब्द आहे. गुजरात-राजस्थानातले भाट आणि चारण बलवानांविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतःलाच इजा करून घेत, त्या प्रथेचं नाव त्रागा. आपण तो शब्द रोजच्या वापरात ठेवलाय. रागवायचं एकावर, हात पोचत नाही, म्हणून ताट आपटायचं, उपाशी झोपायचं, कपाळ बडवायचं. मोठ्या माणसांच्या रागाला आपण संताप म्हणतो, आईच्या रागाला चिडचिड किंवा त्रागा. शब्दातच सांगून टाकलेलं असतं की याच्यामागे ऐकण्यासारखं काही नाही.

अवज्ञा करणाऱ्या मुलाची आणि दमलेल्या आईची आपल्याकडची सर्वांत जुनी आणि लाडकी गोष्ट भागवताच्या दशम स्कंधात, नवव्या अध्यायात आहे. कीर्तनात आपण तिच्याकडे बाळलीला म्हणून बघतो. एकदा आई म्हणून वाचून पाहावी. गोष्टीचा पहिलाच श्लोक सांगतो की त्या दिवशी घरातल्या दासी दुसऱ्या कामांत गुंतलेल्या होत्या, म्हणून यशोदा स्वतः दही घुसळत होती. म्हणजे मदत नव्हती. मूल येतं, रवी धरून ठेवतं, पाजायला घे म्हणतं. ती घेते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जातं. ती अर्धवट प्यालेल्या मुलाला खाली ठेवून धावते. त्याला राग येतो, तो ओठ चावतो, दगडाने दह्याचं मडकं फोडतो आणि आत जाऊन लोणी खातो. एका बाईला दोन हात आणि तीन कामं असली की काय होतं याचं हे वर्णन आहे.

यशोदा परत येते, फुटलेलं मडकं बघून आधी हसते. मग काठी घेऊन मागे लागते. तो पळतो, ती धावते, पकडते. तो रडत डोळे चोळतो, काजळ पसरतं. आणि मग या अध्यायातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट घडते: मूल घाबरलंय हे तिला दिसतं आणि ती काठी टाकून देते. तिचा राग अजून गेलेला नाही, लगेच ती त्याला उखळाला बांधायला घेते. पण काठी मात्र टाकलेली आहे. दोरी दोन बोटं कमी पडते. ती दुसरी जोडते, पुन्हा दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपतात. गोपी जमून हसतात. ती घामाघूम होते, केसांतली फुलं गळतात. तिचे श्रम बघून कृष्ण स्वतःहून बांधला जातो.

जुने टीकाकार त्या दोन बोटांचा अर्थ सांगतात: एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचं, दुसरं कृपेचं. मला त्या कथेतलं आईपण वाचताना एवढं कळतं की प्रयत्नाचं बोट आपण शिकवू शकतो. काठी टाकणं शिकवता येतं. दुसरं बोट बाहेरून यावं लागतं, मग त्याला कृपा म्हणा, मदत म्हणा, वेळ म्हणा. घरातल्या सगळ्या दोऱ्या तिने एकटीने जोडल्या तरी ते भरून निघत नाही. आणि या गोष्टीत नंद कुठे असतो? पुढे झाडं कोसळल्याचा मोठा आवाज होतो, मग तो गोपांबरोबर येतो, उखळ ओढणारं आपलं मूल बघतो आणि हसत हसत त्याला सोडवतो. गटात ही गोष्ट सांगितली की या ठिकाणी बायका एकमेकींकडे बघून हसतात. त्या हसण्याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

वेळेबद्दल बोलले म्हणून आकडे सांगते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरासाठी बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि ते काम करणारे पुरुष ९७. मुलं, म्हातारी, आजारी माणसं सांभाळणाऱ्यांत बायकांची १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच सुमारे २६ टक्के होतं, बायकांचं ८१.

हे आकडे आईच्या रागाशी कसे जोडलेले आहेत ते फटक्याच्या उदाहरणाने कळतं. दोन पिढ्यांपूर्वी आईने मुलाला मारणं गैर मानलं जात नसे. ‘श्यामची आई’मधली आईसुद्धा पोहायला जायला कचरणाऱ्या श्यामला शिंपटीने मारते, आणि त्यामुळे तिचं आदर्शपण कमी झालं असं कुणाला वाटलं नाही. आता आपण मारणं चुकीचं मानतो. शाळेत तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. हे चांगलं झालं आणि यात मागे जायचं नाही. पण फटका ही वेळ वाचवणारी वस्तू होती हेही मान्य करायला हवं. फटक्याला दोन सेकंद लागतात. खाली बसून, डोळ्याला डोळा देऊन, दोन पर्याय देऊन, त्याची आदळआपट संपेपर्यंत थांबून, मग पुन्हा तेच शांतपणे सांगायला वीस मिनिटं लागतात. समाजाने आईच्या हातातला फटका काढून घेतला. ती वीस मिनिटं कुठून आणायची हे मात्र सांगितलं नाही. गॅसवर कुकर आहे, उद्याचा डबा आहे, ऑफिसचा लॅपटॉप उघडा आहे. मग ती वीस मिनिटं तिच्या झोपेतून येतात, आणि कमी झोपलेल्या माणसाला राग आवरणं आणखी अवघड जातं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३च्या पुस्तकात हवाई सुंदरींचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली: आतून काहीही वाटत असलं तरी चेहऱ्यावर ठरावीक भावना ठेवण्याचं, पगारासाठी केलेलं काम. त्रास देणाऱ्या प्रवाशाला लहान मूल समजायचं, ही त्या नोकरीतली एक युक्ती होती. म्हणजे नोकरीतल्या शांतपणासाठी आईचा नमुना वापरला गेला, कारण आईचा शांतपणा नैसर्गिक आणि फुकट आहे असं सगळे गृहीत धरतात. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९४९मध्येच छापलेल्या एका निबंधात, साध्या चांगल्या आईलाही आपल्या बाळाचा तिरस्कार वाटण्याची अठरा कारणं ओळीने दिली होती. ती वाचताना बायकांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते ती माझ्या कुठल्याच श्वासाच्या व्यायामाने आलेली नाही.

आता या सगळ्याला एक जोरदार आक्षेप आहे आणि तो मी स्वतःलाच नेहमी घेते. घराची रचना न्याय्य होईपर्यंत मुलाने थांबायचं का? सात वर्षांच्या मुलाने २९९ आणि ९७ हे आकडे ठरवले नाहीत. तो आज रात्री घाबरणार आहे. वरच्या अन्यायाची भरपाई खालच्याकडून वसूल करायची परवानगी कुणालाच नाही, मग त्याच्यावर कितीही अन्याय झालेला असो. हे मला निर्विवाद वाटतं. आईच्या थकव्यामुळे तिच्या हातून काय होतं ते समजतं, पण मुलाच्या गालावरचा वळ त्या समजण्याने पुसला जात नाही. म्हणून मी कौशल्यं शिकवणं सोडणार नाही.

पण या आक्षेपातून ‘आईने रागावू नये’ असं निघत नाही, ‘आईने काठी टाकावी’ एवढंच निघतं. रागात दोन गोष्टी एकत्र येतात. एक त्याची धग आणि दुसरी त्याची तक्रार. धग मुलासमोर आवरायलाच हवी, त्यासाठी श्वास आहे, पाणी आहे, फरशी आहे. तक्रार मात्र आवरायची नसते, ती योग्य पत्त्यावर पोचवायची असते. सगळे श्वासाचे व्यायाम करून धग गेली आणि तिच्याबरोबर तक्रारही विझली, तर आपण एका बाईला निरोगी करत नाही, गप्प करतोय.

म्हणून आता माझ्या गटात एक जास्तीची गोष्ट आहे. राग आल्याची नोंद ठेवायच्या तक्त्यात काय झालं, काय वाटलं, काय केलं या रकान्यांच्या पुढे आणखी एक रकाना असतो: यातला किती राग मुलाचा होता आणि उरलेला कुणाचा? दूध सांडलं म्हणून आलेल्या रागाच्या पुढे एकीने लिहिलं, ‘दूध: थोडा. बाकी: लिफ्टमध्ये शेजारच्या काकू म्हणाल्या, आजकाल आयांना वेळच नसतो.’ सारा रडिक यांनी १९८९च्या ‘मॅटर्नल थिंकिंग’मध्ये आईच्या कामाच्या तीन मागण्या सांगितल्यात: मुलाला जगवणं, वाढवणं आणि समाजाला चालेल असं घडवणं. बऱ्याच जणींच्या तक्त्यात ही तिसरी मागणी शेवटच्या रकान्यात सापडते. लग्नाच्या हॉलमध्ये, लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर, सासरच्या माणसांसमोर मूल उलटून बोललं की राग दुप्पट येतो. तो मुलावर नसतो, बघणाऱ्यांच्या नजरेचा असतो. यशोदेभोवती जमून हसणाऱ्या गोपी अजून आहेत.

पत्ता सापडला म्हणजे पत्र पोचलं असं होत नाही, हेही मी पाहते. एकीने नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, ‘तुझ्या क्लासनं तुला भांडायला शिकवलं का?’ दुसरीच्या सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, मग तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नातवाला खाली खेळायला घेऊन गेल्या. तिसरी म्हणाली की आमच्याकडे असं बोलणं मला परवडणारं नाही, आणि ते तिचं तिलाच माहीत. तिला ‘बोल’ म्हणून घरी पाठवायचा हक्क मला नाही, कारण परिणाम तिला भोगायचे आहेत. तिचा शेवटचा रकाना निदान आमच्या खोलीत मोठ्याने वाचला जातो. बारा-तेरा बायका तो ऐकतात. तिचं ऐकलं जाण्याची ती एक जागा तरी आहे.

यात मुलाचंही हित आहे असं मला वाटतं. अवज्ञा हाही एक रागच आहे. त्यातही धग असते आणि बहुतेकदा तक्रारही असते, वर्गात वाचता न येण्याची, बहिणीशी होणाऱ्या तुलनेची, आईबाबांच्या बंद खोलीतल्या आवाजांची. रॉस ग्रीन यांनी अशा मुलांवरच्या आपल्या पुस्तकात म्हटलंय त्याचा आशय असा, की ज्या मुलाला नीट वागणं जमतं ते नीट वागतं, न वागण्यामागे काहीतरी न जमणं असतं. त्या मुलाला रागाचं काय करायचं हे कोण दाखवणार? ज्या घरात राग एक तर फुटतो किंवा गिळला जातो, तिथे ते या दोनच गोष्टी शिकेल. आई थांबली, पाणी प्यायली, आणि नंतर बाबांना त्याच्यादेखत म्हणाली, ‘आज मी फार दमले आणि मला राग आला, उद्यापासून सातला तुम्ही घरी हवे,’ तर त्याला तिसरी गोष्ट दिसते. राग आवरता येतो आणि सांगताही येतो. कदाचित यातूनच त्याला ‘ऐकणं’ या शब्दाचे दोन्ही अर्थ कळतील.

गेल्या दोन गटांपासून सातव्या शनिवारी मी वडिलांनाही बोलावते. दोघं-तिघं येतात, मागच्या खुर्च्यांवर बसतात. मागच्या वेळी त्यांच्यातल्या एकाने अगदी मनापासून विचारलं, ‘मॅडम, यांना तुम्ही एवढं सगळं शिकवलं, आम्हालाही काहीतरी टेक्निक सांगा.’ मी म्हटलं, ‘आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी सातला घरी या. साडेआठपर्यंत मुलगा तुमचा. त्या वेळात त्या काय करतात ते विचारायचं नाही.’ तो थोडा हिरमुसला. म्हणाला, ‘पण हे टेक्निक नाही झालं.’ नाहीच. वहीत मात्र त्याने ते लिहून घेतलं, आणि वार कुठले ते शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं.